सिंपलचा रकाना

"सायेब, सिंपल लिवा की. घरातलंच भांडण हाय." पोलीस जमादार टेबलाला टेकून उभा होता आणि माझं पेन सर्टिफिकेटच्या एका रकान्यावर अडलं होतं.

समोर बाकावर मीनाबाई बसली होती, डावा हात उजव्या हाताने धरून. धर्मापुरीकडची, नवरा वारलेला. त्याचं किराणा दुकान आता कोणी चालवायचं यावरून दिराने हात पिरगाळून तिला ओट्यावरून ढकललं होतं.

मारहाणीचा पेशंट आला की सरकारी डॉक्टरला जखम 'सिंपल' की 'ग्रीव्हस', म्हणजे गंभीर, ते लिहावं लागतं. कायद्याने ग्रीव्हसचे आठ प्रकार सांगितलेत, हाड मोडणं हा त्यातला एक. त्यात न बसेल ते सिंपल. आपण सिंपल म्हणजे सोपं, साधं म्हणतो. कॉलेजात फॉरेन्सिकचे सर सांगायचे, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एकच घडी असलेलं. उलगडून बघावं असं आत काही नाही. आम्ही वहीत उतरवलं आणि विसरलो.

जखम सिंपल असली की पोलीस कोर्टाला विचारल्याशिवाय अटक करत नाहीत. म्हणजे दीर आज कोठडीत जाणार की घरी, ते माझ्या रकान्यावर होतं.

"सायेब, हाडात लई ठणकतंय," ती म्हणाली. "त्यो घरी आला तर मला जित्ती ठिवनार न्हाई."

"ताई, मुका मार आहे. गुरुवारी फोटो काढू."

एक्स-रेवाला गुरुवारीच यायचा. तो दिवस मंगळवार. अशा वेळी 'मत राखून ठेवले' असं लिहायचं असतं, हे मला चांगलं माहीत होतं. पण बाहेर दिराच्या ओळखीच्या पुढाऱ्याची जीप उभी होती, ओपीडीची रांग दारापर्यंत आली होती, आणि फोटो नसला की सिंपल लिहून मोकळं व्हायची आम्हाला सवयच लागली होती. लिहिलं. जमादार कागद घेऊन गेला.

गुरुवारी मीनाबाईला आणलं ते पोस्टमॉर्टेमला. दिराने डोक्यात पहार घातली होती. मी आधी तिचा डावा हात पाहिला. मनगटाच्या वर हाड मोडलेलं होतं, दोन दिवसांपूर्वीचं. तसं लिहिलं. लिहिताना स्वतःची शिसारी आली.

कोर्टात दिराच्या वकिलाने माझं पहिलं सर्टिफिकेट मोठ्याने वाचलं. "डॉक्टर, सही तुमचीच ना?"

"माझीच."

दिराला जन्मठेप झाली. मला कोणी जाब विचारला नाही.

नवीन डॉक्टर आला की मी एवढंच सांगतो. फोटो बघेपर्यंत त्या रकान्यात सिंपल लिहू नका. जमादार चिडेल, पुढारी चिडेल. चिडू द्या, बाई गुरुवारी चालत येईल.