गुरख्याच्या अंगणातली पालखी

नेपाळहून आलेलं ते जोडपं १९९८ साली आमच्या हापूसच्या बागेत राखणीला राहिलं. नवऱ्याला आम्ही गुरखा म्हणायचो आणि तिला गुरख्याची बायको. नाव विचारावं असं घरात कुणाला वाटलं नाही. मलाही नाही. आमचं गाव रत्नागिरीपासून एसटीने पाऊण तासावर. त्यांची चिऱ्यांची खोली बागेच्या वरच्या टोकाला होती.

त्यांच्याकडे दसरा सगळ्यांत मोठा. पण तेव्हा आमची भातकापणी असायची आणि वडील त्यांना गावी सोडत नसत. पहिल्या दसऱ्याला ती दिवसभर खोलीत रडत होती. पुढच्या वर्षापासून तिने आमचे सण धरले. आईशेजारी बसून मोदक शिकली, गौरी जागवायला आली. चार वर्षांत तिच्या मोदकाला माझ्यापेक्षा जास्त कळ्या पडायला लागल्या.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. २००३ च्या शिमग्याआधी तिने वडिलांना विचारलं, "शेठ, आमच्याकडे येईल का पालखी?"

वडील पेपर वाचत होते. "आणू की," म्हणाले.

तिने ते खरं मानलं. अंगण चोपून सारवलं, रत्नागिरीला जाऊन खण आणि नारळ आणला. रांगोळी आम्ही दोघींनी मिळून काढली.

पालखी दुपारी आमच्या अंगणात नाचली. आईने ओटी भरली. पालखी निघाली तेव्हा मी वडिलांना ती वर न्यायची आठवण करून दिली. त्यांनी मानकऱ्यांच्या कानावर घातलं, पण ते अशा सुरात, की नाही म्हणणं सोपं जावं. एक म्हातारे मानकरी म्हणाले, "तो आपल्या गावचा नाय. त्याच्या दारात देव कसा जाईल?"

"तेही खरंच," वडील म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तू वर जाऊन सांग तिला काहीतरी."

मी गेले. नवी साडी नेसून ती ताट घेऊन दारात उभी होती. गुरखा अनवाणी, टोपी काढून. उशीर झाला, पुढच्या वर्षी नक्की येईल, असं मी सांगितलं.

"ढोल खालच्या वाटेला वळला, तेव्हाच कळलं, ताई," ती म्हणाली. "तुम्ही कशाला खोटं बोलता?"

तिने आत जाऊन पुरणपोळ्यांचा डबा आणला आणि माझ्या हातात दिला. मी तो घेतला, याची मला अजून लाज वाटते.

संध्याकाळी वडिलांनी त्यातल्या दोन पोळ्या तूप घालून खाल्ल्या. "छान जमल्यात," म्हणाले. "अगदी आपल्यातलीच झालीय ती." आई मान खाली घालून वाढत राहिली.

त्यानंतर ती आमच्याकडे कुठल्याच सणाला आली नाही. आईने गणपतीत बोलावणं पाठवलं, तर बागेत काम आहे असा निरोप आला. दोन वर्षांनी, आंबा संपल्यावर, ती दोघं दापोलीकडच्या कुणा बागायतदाराकडे निघून गेली. मी तेव्हा घरीच होते, पण निरोप द्यायला वर गेले नाही.

वडील मात्र बरेच दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले, की या लोकांचं काही खरं नाही, कितीही करा, एका जागी टिकत नाहीत.