कावळ्याला दिलेला शब्द

डोळे मिटतात तेव्हा ऑर्किड समोर वर्तमानपत्रावर आडवं पडलेलं आहे. त्याची कुजलेली मुळं मी कापून टाकली आहेत, कापल्या जागी हळद लावली आहे आणि ती सुकेपर्यंत गॅलरीतल्या खुर्चीत जरा पाठ टेकली आहे. हात साबणानं स्वच्छ धुतलेत. दुपारची झोप मला लागत नाही, नुसती झापड येते. खाली भंगारवाला ओरडत जातो, त्याचा आवाज लांब लांब होत जातो, आणि कुणीतरी माझ्या शेजारी उकिडवं बसून मुळं चाचपायला लागतं.

हे आहेत. मागच्या श्रावणात गेलेले माझे यजमान. अंगात बनियन, मान खाली. माझ्याकडे बघितलेलंसुद्धा नाही.

"शालन, पाणी किती घातलंस याला?"

मेल्यावर पहिल्यांदा भेटलेला माणूस बायकोला हे विचारतो. मी सांगते, पाण्यानं नाही, दुधानं गेलं. अरविंदभाऊजी, तुमचे धाकटे बंधू, दर अमावास्येला येतात आणि कुंडीत वाटीभर दूध ओततात. दादाचा जीव यात आहे म्हणतात. नको म्हटलं की डोळ्यांना रुमाल लावतात. शेवटी कुंडीला वास सुटला, म्हणून आज झाड बाहेर काढलं.

"माझा जीव यात आहे असं कुणी सांगितलं?"

"कावळ्यानं."

खुर्ची तीच आहे, पण पायाखाली घाटाच्या ओल्या पायऱ्या आहेत. दहाव्याचा पिंड मांडलेला आहे. कावळे भिंतीवर बसलेत आणि एकही खाली उतरत नाही. भाऊजी हात जोडून सांगताहेत, दादा, वहिनीला आम्ही कधी अंतर देणार नाही. कावळे ढिम्म. तिला काही कमी पडू देणार नाही. कावळे पंख साफ करताहेत. ऊन चढतं, भटजी घड्याळ बघतात. मग भाऊजींना सुचतं. दादा, तुझं ऑर्किड वहिनी जगवेल. शब्द संपायच्या आत कावळा पिंडावर असतो. सगळे सुटकेनं हसतात. केवढा जीव होता झाडावर, म्हणतात. मी तेव्हा हसले नव्हते. आताही हसत नाही.

माझ्या वतीनं दिलेला तो शब्द मी तेव्हापासून वागवतेय, हे मी यांना सांगते. ते मुळं दाबून बघताहेत.

"दोन चांगली आहेत. कडक आहेत. जगेल हे."

चेहरा उजळलाय. हा चेहरा माझ्या ओळखीचा आहे, कधी माझ्यासाठी झालेला नाही तरी. मी आता हॉस्पिटलच्या कॉटवर आहे, पोटाला टाके आहेत. गर्भपिशवी काढल्याची संध्याकाळ. भेटायची वेळ झालीय, प्रत्येक कॉटजवळ कुणी ना कुणी बसलंय. माझ्याकडे कुणी नाही, कारण घरी कळी उमलतेय. आंबोलीच्या एका पडलेल्या झाडावरून यांनी सोडवून आणलेलं हे ऑर्किड गावात दुसऱ्या कुणाकडे नाही. इतक्या वर्षांत ते एकदाच फुललं, ते नेमकं त्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी हे आले ते त्याचा फोटो घेऊन.

आज मात्र आलेत. कॉटच्या पायथ्याशी उभे आहेत, झाड हातात घेऊन. कशी आहेस विचारतील म्हणून मी वाट बघते. खोटं कशाला सांगू, अजूनही बघते.

शेवटी मीच तोंड उघडते. "मला सांभाळतो म्हणाले, तेव्हा कावळा का नाही आला?"

हे पहिल्यांदा माझ्याकडे बघतात. खरंच नवल वाटल्यासारखे.

"तुझी काळजी कधी करावीच लागली नाही गं."

"एकदा करून बघायची होतीत."

ते काहीतरी बोलणार असतात. मग हातातल्या झाडाकडे लक्ष जातं. कुंडी नको याला, म्हणतात, झाडाच्या सालीवर बांधू. मऊ कापड दे.

माझ्या आईचं सुती लुगडं असंच चिंध्या होऊन गेलं, याच्या आधीच्या झाडांना. मी सांगते, देणार नाही. वॉर्डच्या भिंतीत आमचं कपाट आहे. हे ते उघडतात आणि निळ्या रेघांचा शर्ट काढतात.

बाकीचे कपडे मी वाटून टाकले. हा एक ठेवला, न धुता. कधीमधी कपाट उघडून वास घेते. कुणाला सांगितलेलं नाही.

"तो नको. तो माझा आहे."

"माझाच आहे की," हे म्हणतात, आणि कापड टरकन फाटतं.

जाग येते. ऊन गॅलरीच्या कठड्यावरून उतरलंय. वर्तमानपत्रावर नुसती हळद सांडलेली. ऑर्किड समोर आंब्याच्या खोडाच्या सालीवर निळ्या रेघांच्या चिंधीनं बांधलेलं आहे. गाठ दुहेरी, उलटी मारलेली. तशी मला कधीच जमली नाही, त्यांनी बांधलेलं पार्सलसुद्धा मी कापूनच सोडायची.

कात्री घेते. चिंधीखालून एक मूळ बाहेर आलंय, टोकाला हिरवं. कात्री ठेवून देते.

आत जाऊन कपाट उघडते. शर्ट खालून फाटलेला आहे, त्यावर पिवळी बोटं उमटली आहेत. नाकाशी धरते. हळदीचा वास येतो. परत धरते. हळदीचाच येतो.