पांढरीचा ताप, तांबडीचं शिंगरू

ऐन लग्नसराईत आमची पांढरी घोडी खोकायला लागली. सिहोरा गावात आमच्याकडे दोन घोड्या आहेत. पांढरी वरातीला जाते. तांबडी तेव्हा गाभण होती, दहावा महिना सरत आलेला, म्हणून घरीच असायची. आधल्या आठवड्यात पांढरी सीमेवरच्या बपेऱ्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या एका लग्नाला जाऊन आली होती. तिथे चार-पाच घोडे जवळजवळ बांधले होते, असं माझा नवरा सांगत होता.

तिने हरभऱ्याला तोंड लावलं नाही. कान गरम. आधी नाकातून पाणी, मग घट्ट शेंबूड, आणि जबड्याखाली गाठी.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी आधी स्वतःच्या तोंडाला मास्क लावला, मग आम्हालाही फडकं बांधायला सांगितलं. त्यांनी रक्त घेतलं, नाकात लांब काडी फिरवून कापूस नळीत बंद केला. ग्लँडर्स नावाचा एक रोग असतो, म्हणाले. तो माणसालाही होतो, आणि निघालाच तर जनावर ठेवता येत नाही, इंजेक्शन देऊन संपवावं लागतं. नमुने परराज्यात तपासायला जाणार होते.

डॉक्टर गेल्यावर नवरा पांढरीपासून दोन हात लांब नुसता उभा राहिला.

"मी हिच्याजवळ रायतो," तो म्हणाला. "तू तांबडीले मागच्या वाडीत ने. इकडं येऊ नोको."

मी म्हटलं, "तुमाले काही झालं तं?"

त्याने तोंडावरचं फडकं आणखी घट्ट बांधलं.

तेव्हापासून तो पुढे गोठ्यात आणि मी मागे वाडीत. बादल्या वेगळ्या, चपला वेगळ्या. त्याचं ताट मी ओट्यावर ठेवून मागे सरायची. ठरलेल्या वराती त्याने फोनवरून नाकारल्या. एका नवरदेवाचा बाप फार चिडला.

बाराव्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. ग्लँडर्स नव्हता. घोड्यांचा हर्पीस निघाला होता, सर्दीसारखा विषाणू, माणसाला न होणारा. आराम दिला की पांढरी बरी होईल, असं ते म्हणाले. नवरा तिथेच ठाणात खाली बसला आणि पांढरीच्या गुडघ्याला डोकं टेकवून रडला. मी कुंपणाच्या अलीकडून बघत होते, मलाही रडू आलं.

पण डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. हा विषाणू गाभण घोडीला लागला तर ती गाभ टाकते, आणि ते कधीकधी कित्येक आठवड्यांनी कळतं. दोघींना वेगळं करण्याआधी चार दिवस त्या एकाच गोठ्यात होत्या. त्यामुळे रोज उजाडलं की मी आधी तांबडीच्या पायाखाली अंथरलेली भाताची तणस बघायची, काही पडलंय का म्हणून.

पांढरीचा ताप गेला, ती हरभरा मागू लागली. महिनाभराने दोघींना वेगळं ठेवायची गरज नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तरी आपल्या अंगावरून रोग तांबडीला जाईल या भीतीने नवरा वाडीत येईना.

तांबडीचे दिवस भरले. एका सकाळी पाणी घेऊन गेले तर तणशीवर ओलं, काळसर शिंगरू पडलेलं. रोग लागलेलं शिंगरू उभं राहत नाही, दूध पीत नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलेलं होतं. मी नवऱ्याला हाक मारली. तो कुंपणाशी येऊन थांबला.

शिंगरू उठलं, पडलं. पुन्हा उठलं, पुन्हा पडलं. मग चारही पाय फाकवून उभं राहिलं आणि आईच्या पुढच्या पायांत आचळ शोधू लागलं.

"पेऊन राहिलं का?" त्याने विचारलं.

"थांबा."

तांबडीने वळून शिंगराला नाकाने मागे ढकललं. थोड्या वेळाने चोखल्याचा आवाज आला.

"पेऊन राहिलं," मी म्हटलं.

नवरा वाडीत आला, तणशीच्या ढिगाला टेकून बसला आणि बसल्या जागी झोपला. उन्हं अंगावर आली तरी मी त्याला उठवलं नाही.