आमच्या विश्वस्तांचा राखीव खेळाडू

विश्वस्त मंडळ म्हटलं की लोकांना लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि पेंगणारी माणसं आठवतात. आमचं मंडळ तसलं नाही. एका बैठकीचा किस्सा सांगून होईपर्यंत पुढच्या बैठकीत नवीन काहीतरी घडलेलं असतं, त्यामुळे माझ्याकडचा साठा काही संपत नाही! लग्नात, दहाव्याला, एसटी स्टँडवर कुणी भेटलं की विचारतं, "काय म्हणतंय तुमचं फाउंडेशन?" मी सांगायला लागतो आणि बिचाऱ्याची गाडी चुकते.

आधी मंडळी कोण ते सांगतो. पाथर्डी तालुक्यातल्या पोरींना खो-खो शिकवायचा आणि त्या जोरावर त्यांची शाळा टिकवायची, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण दिवाळी झाली की इकडची निम्मी गावं ऊसतोडीला जातात आणि आईबापांबरोबर पोरीही जातात. त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात तेव्हा वर्ष हातातून गेलेलं असतं. त्यांना इथे ठेवून घेता आलं तर खो-खो, नाहीतर नुसत्या गप्पा.

अध्यक्ष सुलभाताई, खेळाच्या निवृत्त शिक्षिका. शिट्टी अजून गळ्यातच असते, अगदी बारशालासुद्धा. दुसरे डॉक्टर, म्हणजे जनावरांचे डॉक्टर. तिसरे बबनआण्णा, ऊसतोडीचे मुकादम. आणि चिटणीस मी. पाथर्डीत माझं मेडिकल आहे, खेळाशी संबंध क्रेप बँडेज विकण्यापुरता.

*

आम्हाला ऑफिस नाही. म्हणून पहिली बैठक ताईंनी मैदानावरच घेतली, आणि तीही खो-खोच्या पद्धतीने. मधल्या पाटीवर, म्हणजे दोन खांबांमधल्या पट्ट्यावर, सगळ्यांनी ओळीने बसायचं, एकाचं तोंड पूर्वेला तर शेजारच्याचं पश्चिमेला. ज्याला बोलायचं तो उभा राहणार. त्याचं झालं की तो कुणाच्या तरी पाठीवर थाप मारून खो देणार, आणि खो मिळाला त्याने उठून बोलायचंच.

मला वाटलं, निवृत्तीनंतर बाईंना करमत नाही. पण गंमत बघा, त्या बैठकीत एकही भांडण झालं नाही. डॉक्टर आणि आण्णा एरवी चहात साखर किती यावरून वाद घालणारे. त्या दिवशी दोघे शेजारी बसूनही गप्प होते.

मी आण्णांना कारण विचारलं तर म्हणाले, "ज्याच्याशी भांडायचं त्याचं त्वांडच दिसत न्हाई, भांडू कसं?"

*

पोरींना ठेवायला जागा हवी होती. गावाबाहेर दूध थंड करायचं एक जुनं केंद्र कित्येक वर्षं बंद पडलं होतं. ज्या संस्थेचं ते होतं तिच्या चेअरमनसाहेबांना ताईंनी बैठकीला बोलावलं. पांढरे कडक कपडे घालून साहेब आले. खुर्ची नाही म्हटल्यावर जरा घुटमळले आणि शेवटी पाटीवर मांडी घालून बसले.

"बघू, विचार करू, पुढच्या मिटिंगला विषय घेऊ," असं बोलायचं ते घरूनच ठरवून आले असणार. ताईंनी पोरींची अडचण सांगितली आणि थेट साहेबांच्या पाठीवर थाप मारली. साहेब दचकून उठले.

"हे बघा ताई, मला थोडा वेळ..." असं म्हणत ते मागे वळायला लागले. ताईंनी जोरात शिट्टी मारली.

"साहेब, नियम आहे. खो मिळाला की पुढेच जायचं. मागे फिरलात तर फाउल!"

साहेब हसले आणि तिथेच हो म्हणाले. आमच्या वसतिगृहाच्या भिंतींना अजून दुधाचा वास येतो. पोरी म्हणतात, भूक लवकर लागते.

*

आण्णांना मंडळात घ्यायचं ठरलं तेव्हा गावात बरीच कुजबुज झाली. ऊस तोडायला माणसं नेणारा मुकादम आणि पोरींना शाळेत ठेवणारी संस्था, मेळ कसा बसायचा? खरं सांगायचं तर मलाही ते पटलं नव्हतं.

ताईंचा हिशोब सरळ होता. त्या म्हणाल्या, "पोरी ज्याच्या ट्रकमधून जातात, तोच त्यांना खाली उतरवू शकतो."

दिवाळीनंतर पहिला ट्रक भरला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो होतो. भांडी, सरपण, शेळ्या, माणसं, सगळं वर चढलं. आण्णा ड्रायव्हरच्या शेजारी बसले, पुन्हा उतरले, मागे आले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "खो-खोच्या पोरी खाली उतरा. ट्रस्टी म्हणून सांगतोय." मग बायाबापड्यांकडे बघून आवाज चढवला, "आन् बाकीचे नीट बसा. मुकादम म्हणून सांगतोय." या माणसाविषयी माझ्या मनात जी काही अढी होती, ती त्या ट्रकबरोबर गेली.

*

पोरी उतरल्या खऱ्या, पण आया काही त्यांचा हात सोडेनात. परक्यांच्या भरवशावर वयात आलेली पोर कोण ठेवेल? ताईंनी समजावलं, मी समजावलं, काही उपयोग झाला नाही. तेवढ्यात डॉक्टर मोटारसायकलवरून आले. एका बाईने त्यांना ओळखलं आणि हातातली पिशवी लेकीकडे दिली.

"ह्यांनी आमचा बैल वाचिवला," ती बाकीच्यांना म्हणाली. "पोरगी बी सांभाळतील."

झालं! तासभराच्या आमच्या भाषणांनी जे जमलं नाही ते एका बैलाने केलं. डॉक्टरांना मात्र सवय सुटत नाही. पोरीचा पाय मुरगळला की ते आधी तिच्या पाठीवर हात फिरवतात आणि जिभेने च्-च् करतात. एकदा आमची कॅप्टन मनीषा कळवळतानाही म्हणाली, "डॉक्टर, मी लाथ न्हाई मारत."

*

ही मनीषा म्हणजे आमच्या टीमचा जीव. तीच गेल्या दिवाळीला जायला निघाली. तिला गणू नावाचा दीड वर्षाचा भाऊ आहे. आईबाप फडात ऊस तोडणार, मग गणूला कोण बघणार? मनीषा. घरात दुसरं कुणी नव्हतं. ती गेली की दहावी गेली, आणि दहावी गेली की पुढच्या वर्षी लग्न, हे तिच्यासकट सगळ्यांना ठाऊक होतं.

तातडीची बैठक बसली. मनीषा गणूला घेऊनच आली. एवढ्या लहान मुलाला सांभाळायला कुणाचीच ना नव्हती, पण वसतिगृहाचा नियम आडवा आला. तिथे फक्त खेळाडू राहू शकतात, आणि तो नियम आम्हीच केलेला. आम्ही आळीपाळीने उठून तेच तेच बोलत होतो. तिकडे गणू पाटीवरून रांगत, धडपडत डॉक्टरांपर्यंत गेला आणि त्यांच्या पाठीवर त्याने दोन्ही हात आपटले.

डॉक्टर उठले. गणूला उचलून घेत म्हणाले, "राखीव खेळाडू म्हणून घ्या. मी सांभाळतो."

ठराव एकमताने झाला. आई लेकराला डॉक्टरांच्या हातात देऊन ट्रकमध्ये चढली आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत मागे वळून बघत राहिली.

*

त्यानंतर आमचे डॉक्टर बघण्यासारखे झाले. दिवसा मनीषा शाळेत आणि मैदानावर, गणू डॉक्टरांच्या मोटारसायकलच्या टाकीवर. म्हशी तपासायला दोघे मिळून जायचे. गणू पहिला शब्द "आई" म्हणेल की "ताई", यावर पोरींच्या पैजा लागल्या होत्या. तो म्हशीकडे बघून "हल्या" म्हणाला! आईकडे साधा बटणांचा मोबाईल, त्यात चेहरा दिसायची सोय नाही. तिचा फोन आला की डॉक्टर तो गणूच्या कानाला लावायचे, आणि गणू चाटायचा.

*

नगरला जिल्ह्याची फायनल होती. आमच्या पोरी पाठलाग करत होत्या, अगदी अटीतटीचा सामना. सुलभाताई बाकावर, पोरींच्या मागे. समोरची खेळाडू टप्प्यात आल्याबरोबर ताईंच्या तोंडून नकळत आवाज निघाला, "खो!" तो इतका अस्सल होता की बसलेली पोरगी ताडकन उठून पळाली.

पंचांनी शिट्टी मारली. फाउल! आयुष्यभर फाउल दाखवत आलेल्या आमच्या अध्यक्षबाई कानशिलापर्यंत लाल झाल्या. उरलेली मॅच त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरून पाहिली. मनीषाने शेवटच्या मिनिटात खांबाजवळ गडी टिपला आणि आम्ही जिंकलो. ताई रडत होत्या, पण बोळा काढायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

*

दहावीचे पेपर संपले आणि थोड्याच दिवसांत ट्रक परत आले. मनीषाची आई घरी न जाता सामानासकट थेट वसतिगृहावर आली. उन्हाने रापलेली, केसांत उसाच्या पाचटाचा भुगा. आम्ही सगळे तिथेच होतो. गणू डॉक्टरांच्या खांद्यावर होता.

तिने हात पुढे केले. गणूने तिच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून डॉक्टरांच्या मानेत खुपसलं. डॉक्टरांनी त्याला सोडवून तिच्याकडे द्यायचा प्रयत्न केला, तर त्याने किंकाळी फोडली. माजलेले वळू धरणारा हा माणूस, पण त्याला ती एवढीशी मिठी सोडवता येईना. आण्णा तिचं सामान उचलून पायरीवर ठेवायला लागले.

"आये, दोन दिसांत वळखंल तो," मनीषा म्हणाली.

आईने हात पदराला पुसले. मग डॉक्टरांना विचारलं, "माझ्यासाठी लई रडायचा का वो?"

डॉक्टरांना खोटं बोलता येत नाही. "पहिले काही दिवस," ते म्हणाले. "मग नाही रडला."

ती तिथेच पायरीवर बसली.

"लई बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी रडती तसा त्यो बी रोज रडत आसंल."