हात न लावता दुरुस्ती

फोनताईने अकरा वर्षांत किती कॉम्प्युटर दुरुस्त केले, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. एक गोष्ट मात्र ती छातीठोकपणे सांगू शकली असती, आणि नेमकी तीच तिने आजवर कोणाला कळू दिली नव्हती. त्यातल्या एकाही कॉम्प्युटरला तिचं बोट लागलेलं नव्हतं.

तिची नोकरीच तशी होती. डेस्कटॉप बनवणाऱ्या एका कंपनीत, तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत, कानाला हेडफोन लावून बसायचं, म्हणून सगळे तिला फोनताईच म्हणायचे. पलीकडून कोणीतरी रडकुंडीला येऊन सांगायचं, की मशीन बंद पडलं. मग फोनताई खडीसाखरेसारख्या आवाजात म्हणायची, "घाबरू नका काका, मी आहे ना. आधी सांगा, समोर काय दिसतंय?" तिथून पुढे काकांच्या हातून ती झाकण उघडायची, धूळ झाडायची, मेमरीची पट्टी काढून परत बसवायची, हार्ड डिस्क बदलायची. सर्व्हिसचं जाडजूड पुस्तक तिला तोंडपाठ होतं. कुठल्या मॉडेलचं झाकण मागच्या खिट्टीने निघतं आणि कुठल्याला दोन स्क्रू असतात, हे ती झोपेतसुद्धा सांगायची. झोपेत सांगायचीच, तिचा नवरा साक्षीला आहे.

आता कोणी म्हणेल, अकरा वर्षांत एकदाही हात लावू नये म्हणजे काय? तर त्याचं कारण इस्त्री. वयाच्या सहाव्या वर्षी ताईला इस्त्रीचा असा सणसणीत शॉक बसला होता, की तेव्हापासून जिची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये जाते ती प्रत्येक वस्तू तिच्या लेखी नागीण होती. घरातली बटणंही ती वर्तमानपत्राची सुरळी करून दाबायची. पण बाईमाणूस हुशार. भीतीला तिने तत्त्वाचा सदरा चढवला होता. कोणी म्हटलं, "ताई, तुम्हीच उघडून बघा ना," की ती मान तिरकी करून म्हणायची, "मी हात लावला तर तुम्ही शिकणार कधी?" लोकांना वाटायचं, काय मोठ्या मनाची बाई आहे!

सगळ्यात जास्त हे सासूबाईंना वाटायचं. त्या बिल्डिंगभर सांगत सुटायच्या, "आमची सून म्हणजे कॉम्प्युटरची डॉक्टर." परिणाम असा, की शेजारीपाजारी आपापले कॉम्प्युटरचे डबे उचलून थेट ह्यांच्या दारात. फोनताई स्वयंपाकघरात भाजी चिरायला पाट मांडायची आणि तिथून ओरडायची, "आई, माझे हात ओले आहेत. तुम्ही जरा झाकण काढता का?" सासूबाई पदर खोचून, चष्मा कपाळावर चढवून बाहेरच्या खोलीत फतकल मारायच्या. आतून आवाज, बाहेर हात. असं करता करता सासूबाईंनी वीस-पंचवीस कॉम्प्युटर उघडून मिटले होते. नाव मात्र त्यांना एकाही भागाचं येत नव्हतं. त्यांच्या लेखी आत तीनच गोष्टी होत्या: हे, ते, आणि ते दुसरं.

अशी सगळी छान घडी बसलेली असताना एका शुक्रवारी साहेबांनी खोलीत येऊन घसा खाकरला. साहेबांनी घसा खाकरला की काहीतरी बंद होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मागच्या वेळी चहाचं मशीन बंद झालं होतं. या वेळी फोनची खोलीच बंद होणार होती. यापुढे माणूस स्वतः ग्राहकाच्या घरी जाऊन दुरुस्ती करणार. सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षा. मशीन उघडायचं, मेमरी आणि हार्ड डिस्क बदलायची, पंखा साफ करायचा आणि वीस मिनिटांत चालू करून दाखवायचं. जमलं त्याची नोकरी राहील. नाही जमलं त्याला आभाराचं पत्र.

"तुम्हाला काय ताई," साहेब हसून म्हणाले, "तुमच्या डाव्या हातचा मळ!"

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिला ना डाव्या हाताचं काही येत होतं, ना उजव्या. नोकरीचा पगार हवा होता हे तर झालंच. पण खरं सांगायचं तर तिला हे काम सोडून दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नव्हतं. कोणाचं तरी बंद पडलेलं काहीतरी सुरू करून द्यायचं, यात तिचा जीव होता. आभाराच्या पत्राचं ती काय करणार होती?

घरी येऊन तिने चप्पलही न काढता सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. इस्त्रीसकट. ऐकता ऐकता सासूबाईंच्या खांद्यांना हळूहळू हिसके बसू लागले. ताईला वाटलं, रडताहेत. कसल्या रडताहेत! बाई हसत होत्या, आणि एकदा बांध फुटल्यावर त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"म्हणजे इतकी वर्षं डॉक्टर मीच होते की गं!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आणि मी जगाला सांगतेय सून, सून!"

"आई, हसताय काय? सोमवारी परीक्षा आहे."

"मग उद्या-परवा शाळा घेऊ. बस माझ्या समोर."

शनिवारी सकाळीच घरचा डेस्कटॉप जमिनीवर आडवा झाला. सासूबाईंनी ताईचा हात मनगटाला धरून त्याच्यावर टेकवला, तशी ताई जी किंचाळली, की तिचा नवरा वर्तमानपत्र घेऊन जिन्यात जाऊन बसला तो जेवणाच्या वेळेलाच परत आला.

"अगं, वायर काढून ठेवलीय! मेलेलं आहे ते!"

"मेलेलं असलं तरी आई, कधीकधी आत थोडा करंट राहतो. पान बावीस."

"पान बावीस गेलं चुलीत. बोट घाल."

गंमत बघा. ताईला शब्द येत होते, सासूबाईंना काम येत होतं, आणि दोघींना एकमेकींचं काही कळत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "हे असं धर, ते खाली दाब, म्हणजे ते दुसरं सुटतं." ताई कासावीस होऊन विचारायची, "आई, ते म्हणजे कुठलं? मेमरीची खिट्टी की पॉवरची केबल?" सासूबाई म्हणायच्या, "नाव विचारू नकोस, नाव घेतलं की माझा हात अडतो." आणि ताईने डोळे उघडे ठेवून आत पाहिलं, की तिचं उरलंसुरलं ज्ञानही पसार व्हायचं. पुस्तकातल्या चित्रात सगळं कसं मोठं, स्वच्छ, प्रत्येक भागाला बाण लावलेलं असायचं. इथे नुसती धुळीने माखलेली दाटीवाटी. जी पट्टी तिने हजार जणांकडून बसवून घेतली होती, ती वीतभरसुद्धा लांब नव्हती. "एवढीशी?" ती म्हणाली. "मी लोकांना केवढ्या मोठ्या आवाजात सांगत होते!"

रविवारी दुपारपर्यंत तिने सात वेळा झाकण काढून लावलं. भीती पुरती गेली नाही, पण किंचाळणं थांबलं. आता फक्त एकदा चालू करून बघायचं राहिलं होतं. पण ताई जेवायला वाढत असताना सासूबाईंना पंख्यावरचा मळ बघवला नाही. त्यांनी तो सोडवला, साबणाने खसाखसा घासला आणि दोन चिमट्यांनी दोरीवर वाळत टाकला.

"आई!"

"अगं, परीक्षेत पंखा साफ करायला सांगितलंय ना? कसा लख्ख निघाला बघ."

पंखा दोरीवर ठिबकत राहिला. घरचं मशीन काही सुरू झालं नाही, आणि ताई सोमवारी तशीच निघाली.

परीक्षेच्या हॉलमध्ये सहा टेबलं होती, सहा मशीन, सहा उमेदवार. परीक्षक म्हणजे वरच्या ऑफिसातला एक उंच, बारीक इंजिनिअर. हातात घड्याळ, चेहऱ्यावर बंद दुकान. त्याने "सुरू करा" म्हटलं, पाच टेबलांवर स्क्रू फिरायला लागले, आणि ताई आपल्या मशीनकडे बघत हात मांडीखाली घालून बसली.

एक मिनिट गेलं. तीन गेली. सासूबाईंचा हात मनगटावर नव्हता. पुस्तकातली पानं डोक्यात एकावर एक कोसळत होती. चौथ्या मिनिटाला तिने घट्ट डोळे मिटले. आता रडायचं, एवढंच उरलं होतं. रडण्यासाठी तिने तोंड उघडलं आणि त्यातून अकरा वर्षांची सवय बाहेर पडली.

"घाबरू नका ताई, मी आहे ना. आधी सांगा, समोर काय दिसतंय?"

आणि त्याच तोंडाने ती चाचरत म्हणाली, "काही नाही हो दिसत, डोळे मिटलेत."

"हरकत नाही. मलाही इथून कधीच काही दिसत नाही. डाव्या हाताने झाकणाची मागची कड चाचपा. एक खिट्टी लागेल."

"लागली!"

"शाब्बास. ती आत दाबून झाकण आपल्याकडे ओढा."

झाकण सर्रकन सुटलं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या हातातून स्क्रू निसटून घरंगळत गेला. परीक्षक लांब ढांगा टाकत आला.

"कोणाशी बोलताय तुम्ही? फोन आणायला बंदी आहे."

"फोन नाही साहेब. ग्राहकाशी बोलतेय."

"कुठे आहे ग्राहक?"

"हीच. फार घाबरट आहे बिचारी. जरा सांभाळून घ्यावं लागतंय."

परीक्षकाने नियमांचा कागद खालीवर वाचला. स्वतःशी बोलू नये असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. तो गेला.

मग ताईची गाडी जी सुटली! ती स्वतःला अहोजाहो करत होती, समजावत होती, मध्येच दरडावत होती. "अहो, जोर कशाला लावताय? केबल आहे ती, दोरखंड नाही." "सॉरी, सॉरी." "सॉरी नको, खाच जुळवा. हं. आता ब्रशने पंखा झाडा. धुऊ नका हं, काही लोक धुतात." बोटं तिच्या आवाजामागून शहाण्या पोरासारखी चालली होती. हार्ड डिस्क बदलली. मेमरीच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना टक, टक असे दोन आवाज झाले. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून लांबलचक बीप बीप सुरू झालं, तर ही डोळे मिटूनच म्हणाली, "तुमची पट्टी अर्धवट बसलीय हो दादा. डावीकडून दाबा." बीप थांबलं. परीक्षकाने नियमांचा कागद पुन्हा एकदा उलटून पाहिला.

अठरावं मिनिट लागलं. चाचपत वायर लावून झाली, आता राहिलं बटण. हॉलमध्ये वर्तमानपत्राची सुरळी कुठून मिळणार?

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "आता बटण दाबा."

"भीती वाटते हो."

"माहितेय मला. दाबा."

तिने दाबलं.

एक बारीकशी घरघर सुरू झाली. एकच आखूड बीप, सगळं ठीक असल्याची खूण. आणि मग काही नाही, नुसती शांतता. ताई वाट बघत राहिली. कशाची, ते तिला आधी कळलंच नाही. फोनवर या क्षणी पलीकडून नेहमी एक आरोळी यायची. म्हातारे, तरणे, खडूस, गरीब, सगळे एकाच सुरात ओरडायचे आणि हिला विसरून जायचे. अकरा वर्षं तिने तो आनंद दुसऱ्यांच्याच तोंडून ऐकला होता, हेडफोन कानापासून जरा लांब धरून. आज पलीकडे कोणी नव्हतं. आरोळी येत नव्हती, कारण ज्या बाईने ती ठोकायची, ती इथेच डोळे मिटून बसली होती.

तिने डोळे उघडले.

"चालू झालं!" फोनताई ओरडली. खुर्ची मागे पडली, पाच उमेदवार दचकले, आणि ती दोन्ही हात वर करून परत ओरडली, "अहो, झालं! चालू झालं!"

परीक्षकाने घड्याळ थांबवलं. एकोणीस मिनिटं. त्याने कागदावर खूण केली, आणि त्याच्या बंद चेहऱ्याचं एक दार जरासं किलकिलं झालं.

"पास आहात," तो म्हणाला. "पुढच्या सोमवारपासून लोकांच्या घरी जायचं. आता झाकण लावा आणि या, सही करा."

ताईने ऐकलं की नाही कोण जाणे. ती टेबलावर वाकून उघड्या मशीनमध्ये डोकावत होती. आत, हिरव्या पाटीवर, तळहाताएवढा पंखा फिरत होता.

"एक मिनिट थांबा ना साहेब," ती म्हणाली. "मी लोकांना रोज विचारायचे, पंखा फिरतोय का. फिरताना पाहिला नव्हता कधी."