‘आज मला दोनदा सांगा’ म्हणणारे इस्माईलभाई

इस्माईलभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते बुधवार पेठेतल्या त्यांच्या दुकानात. रेडिओ, टेप आणि अँप्लिफायर दुरुस्त करण्याचं दुकान. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, खडकवासल्याकडच्या गावातून आलेला. दोन वर्षांत तीन नोकऱ्या सोडल्या होत्या. सोडल्या म्हणजे कुणाला न सांगता निघून आलो होतो. भाईंनी गालाला रुमाल बांधला होता. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "हे बघा, आज माझी दाढ दुखते आहे. बोलणं तिरकं निघेल, ते तुमच्यासाठी आहे असं समजू नका. लक्षही जागेवर नाही. तेव्हा काय ते मला दोनदा सांगा."

मी म्हणालो, "काम पाहिजे." थोडं थांबून परत म्हणालो, "काम पाहिजे."

"दोन्ही वेळा सारखंच बोललात. उद्यापासून या."

भाई आता पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. दुकानातला माझा जोडीदार दिलीप या गौरवअंकाचं काम बघतो. त्याने मला मस्कतला फोन करून सांगितलं, तूही लिही. माझी शाळा चौथीपर्यंत. मोठ्या माणसांच्या लेखांत माझा लेख कुठे बसवायचा ते त्याने बघावं.

भाईंच्या दुकानाची हजेरी वेगळी होती. सकाळी आल्यावर आधी आपण कसे आहोत ते सांगायचं, मगच सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायचं. "झोप झाली नाही", "घरी भांडण झालंय", "बरा आहे", जे असेल ते. भाई स्वतःचंही सांगत. एका शुक्रवारी नमाजाहून आले आणि म्हणाले, "आज अर्धा वेळ डोळ्यांपुढे तो जळका ट्रान्सफॉर्मर होता. म्हणून टोपी बघून मला आज फार धार्मिक समजू नका." दिलीप म्हणाला, "भाई, मग ट्रान्सफॉर्मरचं काय ठरलं?" भाई म्हणाले, "तेही नीट ठरलं नाही. दोन्हीकडे उणा राहिलो."

दुसरी पद्धत चिठ्ठीची. गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहायची, त्याला वाचून दाखवायची आणि दोऱ्याने त्या वस्तूला बांधायची. आपली हुशारी त्यात घालायची नाही. एकदा एका गणेश मंडळाचे कार्यकर्ते अँप्लिफायर घेऊन आले. "भाई, आवाज असा काढून द्या की पुढच्या मंडळाला ऐकू गेला पाहिजे." भाईंनी चष्मा लावला, लिहिलं आणि वाचून दाखवलं, "गणपतीला ऐकवायचं नाही, पुढच्या मंडळाला ऐकवायचं आहे. बरोबर लिहिलं ना?" त्यांच्यातला एक जण म्हणाला, "राहू द्या भाई. फक्त खरखर काढा." मशिदीचा भोंगा दुरुस्तीला आला तरी त्याची तक्रार भाई असंच विचारून लिहून घेत.

आता माझं सांगतो. मला छापील अक्षर लावून लावून वाचता यायचं, पण हाताने लिहिलेलं अजिबात नाही. ही गोष्ट मी दोन वर्षं लपवली. "दिलीप, भाईंचं अक्षर लागत नाही रे, काय लिहिलंय बघ," असं म्हणायचो आणि तो वाचून दाखवायचा. रोज सकाळी हजेरीला मी कसा आहे ते सांगत होतो, पण ही एक गोष्ट सोडून.

गौरी दोन दिवसांवर आल्या होत्या. कसबा पेठेतल्या पाठक वहिनींचा टेप माझ्या टेबलावर होता. आत कॅसेट अडकली होती. दिलीप त्या दिवशी रजेवर होता आणि भाई नमाजाला गेले होते. मी टेप उघडला, पट्टा बदलला, कॅसेट सोडवली. मग रेकॉर्डिंग तपासायला तीच कॅसेट परत घातली, दोन्ही बटणं दाबली आणि म्हणालो, "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." अंगात उत्साह होता म्हणून वर थोडी शीळही घातली. मागे घेऊन ऐकलं. माझं हॅलो, माझी शीळ, आणि त्याच्यापुढे ओळीच्या मध्यातूनच एका म्हाताऱ्या बाईचं गाणं.

चिठ्ठी टेपला बांधलेली होती. वाचता येत नसलं तरी तिच्यावर काय असेल ते मला तेव्हा समजलं.

मी पिशवी उचलली. चौथी नोकरीही तशीच सोडायची असं ठरवलं. पायरीवरच भाई समोर आले.

"कुठे?"

"गावाला."

"कसा आहेस ते सांगून जा."

"बरा आहे."

"दोनदा सांग."

दुसऱ्यांदा काही मला ते म्हणता आलं नाही. पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं, वाचता येत नाही तेही. भाईंनी डोक्यावरची टोपी काढून खिशात ठेवली. मग म्हणाले, "बाळासाहेब," म्हणजे रागावले होते, एरवी मी बाळू, "मला आता राग आलाय. तो खाली बसेपर्यंत मी बोलणार नाही. मग आपण पाठकांकडे जाऊ. बोलायचं तू. मी शेजारी उभा राहीन."

आम्ही टेप घेऊन चालतच कसब्यात गेलो. वहिनींच्या सासूबाई खाटेवर होत्या. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती आणि उजवा हातही. गौरी घरात येताना म्हणायचं त्या घराचं एक गाणं होतं. ते त्यांच्याशिवाय कुणाला पुरतं येत नव्हतं, आणि त्या कॅसेटवरच तेवढं उरलं होतं. मी सांगितलं, "वहिनी, मला लिहिलेलं वाचता येत नाही. चिठ्ठी न वाचता मी टेप तपासला. गाण्याची सुरुवात माझ्या हातून पुसली गेली."

भाई म्हणाले, "चिठ्ठी मी लिहिली. ती त्याला वाचता येते का, हे दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. तेव्हा अर्धी चूक माझी."

वहिनी म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या पुण्यात एक, दोन, तीन म्हणायला तुम्हाला आमचीच कॅसेट मिळाली. आणि शीळ कशाला? गौरींना बोलवायला?"

भाईंनी आपल्या सवयीने विचारलं, "म्हणजे वहिनी, परवा गौरी दारात उभ्या असतील आणि गाणं सुरू कुठून करायचं ते घरात कुणाला ठाऊक नसेल, असंच ना?"

"तेच," म्हणत त्या खाली बसल्या.

तेवढ्यात खाटेवरून टकटक ऐकू आली. सासूबाई डाव्या हाताने खाटेच्या लाकडावर ठेका धरत होत्या. वहिनींनी चाचपडत एक ओळ म्हटली. सासूबाईंनी मान हलवली, नाही. वहिनींनी शब्द बदलून पुन्हा म्हटली. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा ठेका पुढे सरकला. अशी एकेक ओळ जमत गेली. वहिनी मध्येच थांबून म्हणाल्या, "अहो, मला येतं हे मलाच माहीत नव्हतं. आई म्हणायच्या, म्हणून मी कधी म्हटलंच नाही." भाईंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी कॅसेट मागवली आणि रेकॉर्डिंगचं बटण मला दाबायला लावलं. एक ओळ मात्र सापडली नाही ती नाहीच. त्या जागी वहिनी अजूनही नुसतं गुणगुणतात, असं दिलीप सांगतो. ती ओळ माझ्याकडून गेली आणि ते मी विसरत नाही.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक चिठ्ठी दुकानात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची असं भाईंनी ठरवलं. कारण कुणाला सांगितलं नाही. दुपारी डबा खाऊन झाला की जुन्या चिठ्ठ्यांचा खोका काढून ते मला वाचायला शिकवत. मी पहिली वाचलेली चिठ्ठी तीच होती: "कॅसेट आत अडकली आहे. त्यात सासूबाईंचा आवाज आहे. जपून." ती वाचायला मला अख्खी दुपार लागली. भाईंनी तोवर दुसरं काम हातात घेतलं नाही.

माझा पाय काही एका जागी टिकत नाही. पण मस्कतला निघालो तेव्हा महिनाभर आधी सांगून निघालो. भाईंनी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि दोऱ्याचं रीळ दिलं. मी इथे एसी दुरुस्त करतो आणि प्रत्येक मशीनला चिठ्ठी बांधतो. बरोबरचे हसतात. पण तक्रारीचं मशीन आलं की आधी माझीच चिठ्ठी शोधतात.

दर शुक्रवारी मी भाईंना फोन करतो. हल्ली ते सुरुवातीलाच म्हणतात, "बाळू, मला ऐकू कमी येतं. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर लोक म्हणतील म्हातारा शिष्ट झाला. दोनदा सांग."

भाई, आपण शंभरी पाहावी. हातपाय धड राहावेत, दाढ पुन्हा दुखू नये आणि आपला आवाज दर शुक्रवारी मला ऐकू यावा. आपल्याला आणखी कमी ऐकू आलं तरी चालेल, मला दोनदा सांगायचा कंटाळा नाही. हा लेख दिलीप आपल्याला वाचून दाखवेलच. त्या दिवशी पायरीवर जे दुसऱ्यांदा म्हणता आलं नाही, ते आता लिहितो.

मी बरा आहे.

मी बरा आहे.