देवघरातली बंद पेटी

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालंय. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, त्याबद्दल आधीच माफी मागते. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी वहीत लिहून ठेवावंसं वाटलं. माझे यजमान पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झाले. सगळे त्यांना साहेब म्हणतात, मीही इथे तेच लिहिते. त्यांच्या बऱ्याच केसेस मी विसरले, पण पिस्तुलाची ती केस विसरले नाही, कारण ती आमच्याच ओट्यावर सुरू झाली. जे मी पाहिलं ते माझं, आणि ठाण्यातलं साहेबांनी सांगितलं तसं. नावं लिहीत नाही.

तेव्हा साहेब तापीकाठच्या एका ठाण्यात होते आणि आम्ही पोलीस लाइनीत राहत होतो. जवळच्या गावचा एक गुजर शेतकरी केळीचा बागायतदार होता. केळी विकून येताना त्याला एकदा रस्त्यात अडवून मारहाण झाली होती. म्हणून त्याने शस्त्र परवान्याचा अर्ज केला. चौकशी साहेबांनीच केली होती आणि परवाना मिळाला. सुरतेकडच्या एका नेमबाजी क्लबातही त्याने नाव घातलं. मग एका सकाळी तो ओट्यावर येऊन बसला.

"साहेब, पिस्तूल मोठं लेऊ का धाकलं?"

साहेबांनी त्याला नीट समजावलं. नऊ एमएम पोलिसांचं आणि लष्कराचं, ते साध्या माणसाला मना आहे. परवान्यावर बारीक गोळीचं, बत्तीस बोअरचंच घ्यायचं; त्यातच मोठं आणि लहान येतं. मोठं पिस्तूल हातात भरून बसतं, उडताना झटका कमी देतं, नेम सुधारतो. पण कमरेला जड होतं, सदऱ्यातून दिसतं, मोटारसायकलवर बसलं की टोचतं. लहान पिस्तूल लपतं, पण हातात उसळतं आणि सरावाचा कंटाळा येतो. शेवटी साहेब म्हणाले, "दुकानात जाण्याआधी तराजूचं किलोचं माप फडक्यात बांधून आठ दिवस कमरेला लावा. त्याच्यासकट शेतात जा, जेवा, गाडी चालवा. निभावलं तर मोठं घ्या. कपाटात ठेवायचं असेल तर कोणतंच घेऊ नका."

त्या माणसाने खरंच माप बांधलं. गावात लोक विचारायचे, काय भाऊ, वजनमाप खात्यात नोकरी लागली का? सालदार म्हणाला, मालकाने पगार तोलून द्यायचं ठरवलंय. आठ दिवसांनी तो कमरेवरचा वळ घेऊन आला आणि म्हणाला, मोठंच घेतो.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. चूक पुढे झाली. तो दुकानात गेलाच नाही. पूर्वी शस्त्रांच्या दुकानात कामाला होतो असं सांगणारा एक दलाल त्याला भेटला. हवं तसं मोठं पिस्तूल घरपोच देतो, बिल देतो, असं तो म्हणाला. शेतकऱ्याने पूर्ण रक्कम दिली. दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी पेटी आली. तिला लाखेचं सील होतं. दलाल म्हणाला, नवं शस्त्र आहे, दसऱ्याला पूजा करूनच उघडा, ठाण्यात नोंदीला त्यानंतर न्या. शेतकऱ्याला ते पटलं. त्यांच्या घरी नवा विळाही पूजेआधी वापरत नाहीत. पेटी देवघरात राहिली.

दसरा झाला, पेटी उघडली, हळदकुंकू लागलं. दुसऱ्या दिवशी तो क्लबात गेला. तिथे विकत घेतलेली बत्तीसची काडतुसं मॅगझिनमध्ये सैल पडायला लागली. शिकवणाऱ्याने पिस्तूल हातात घेतलं, नळी पाहिली आणि बाजूला ठेवलं. म्हणाला, हे नऊ एमएम आहे, बिलावर बत्तीस लिहिलंय ते खोटं आहे, इथून सरळ ठाण्यात जा.

तो ठाण्यात गेला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको माझ्याकडे आली. चहा ठेवला तर नको म्हणाली. पदर तोंडावर धरून सांगायला लागली.

"ताई, ते बागमा जाईसन बशेल शेतस. जेवत नही. पिस्तूल तापीमा टाकी देसू म्हनतस. तुम्ही साहेबले सांगा."

मला ठाण्याच्या कामात बोलायची सवय नव्हती. पण साहेब जेवायला आले तेव्हा सांगितलं. ते अर्ध्या जेवणावरून उठले. नंतर त्यांनी मला कारण सांगितलं. पिस्तूल नदीत गेलं असतं तर पुरावा गेला असता. बिल मात्र राहिलं असतं, आणि हत्यार कुठे विकलं हा प्रश्न त्याच्याच गळ्यात पडला असता. मनाई असलेलं हत्यार जवळ बाळगणं हा मोठा गुन्हा आहे. जन्माची बेअब्रू आणि तुरुंग, दोन्ही.

बागेत साहेबांनी त्याला एवढंच सांगितलं, की मी तुम्हाला आणायला आलेलो नाही. पेटी, बिल, परवाना घ्या आणि तुमच्या पायांनी या. तासाभराने तो आला. स्टेशन डायरीत वेळ लिहिली गेली, स्वतः हजर झाला असंही लिहिलं गेलं. पंचनामा होऊन पिस्तूल मुद्देमालात जमा झालं.

पण वरिष्ठांना त्याची गोष्ट पटेना. दुसऱ्या दिवशी दिवसभर उलटसुलट विचारपूस झाली. पंधरा दिवस पेटी का उघडली नाही? तो म्हणाला, पूजेआधी कशी उघडू? या उत्तराला ठाण्यात लोक हसले. वरिष्ठ म्हणाले, पकडला जाईल म्हणून आता रचतोय. दलालाचा फोन बंद होता, पत्ता खोटा होता. उद्यापर्यंत काही हाती आलं नाही तर अटक दाखवा, असा आदेश झाला.

संध्याकाळी साहेब जेवायला बसले, भाकरी मोडली. मग म्हणाले, त्या दलालाला इथल्या माणसांची रीत ठाऊक होती. दसऱ्याआधी माल द्यायचा आणि दसऱ्यापर्यंत लांब पळायचं. आणखी कुणाला दिला असेल, पण आता सगळ्यांच्या पेट्या उघडल्या असतील, आणि घाबरून कुणी बोलणार नाही.

मी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाले, "ज्या घरी यंदा माणूस गेलं असेल, त्यांनी सण केला नसेल. त्यांची पेटी बंदच असेल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. हात धुतला आणि ठाण्यात गेले.

परवान्यांच्या रजिस्टरात त्या वर्षीचे नवे परवानेदार थोडेच होते. हवालदाराने प्रत्येकाच्या गावच्या पोलीस पाटलाला फोन लावला. एका पाटलाने सांगितलं, त्या घरी श्रावणात म्हातारे वडील वारले. सकाळी साहेब पंच घेऊन तिथे गेले. देवघरात तशीच पेटी होती, तसंच लाखेचं सील. घरातल्या माणसाला काही कळेना. तो म्हणाला, वर्षश्राद्धानंतर पूजा करणार होतो. पंचांसमोर सील तोडलं. आत नऊ एमएमच निघालं, आणि दोन्ही बिलांवरचं अक्षर एकाच हाताचं होतं.

आता आमच्या शेतकऱ्याच्या बोलण्यावर कुणी हसेना. अटक टळली आणि त्याचा जबाब फिर्याद म्हणून नोंदला गेला. दुसऱ्या माणसाने अर्धीच रक्कम दिली होती, बाकी पूजेनंतर द्यायची होती. बाकीच्या वसुलीसाठी दलालाने त्याला दुसरा नंबर देऊन ठेवला होता. साहेबांनी त्याच्याकडून फोन करवला, की पूजा लांबली आहे, बाकी आत्ताच घेऊन जा. दलाल नवापूरला बोलावत होता, कारण तिथून गुजरातची हद्द जवळ. तिथल्या एसटी स्टँडवर दलाल आला आणि साध्या कपड्यातल्या पोलिसांनी त्याला धरलं. आधी नाकबूल गेला. दोन्ही पेट्यांवरची सिलं शेजारी ठेवल्यावर खाली बसला आणि बोलायला लागला.

साहेब म्हणतात, या केसने त्यांना एक शिकवलं. ज्या उत्तराला ठाणं हसतं, ते आधी तपासून पाहावं. खोटं बोलणारा माणूस पटेल असंच कारण सांगतो. पिस्तुलाबद्दल आजही लोक त्यांना विचारायला येतात, मोठं की लहान. ते आधी विचारतात, कुणाकडून घेणार?

खटला काही वर्षं चालला. दलालाने जामिनाच्या वेळी थोडी रक्कम कोर्टात भरली, बाकीची त्याच्या भावाने जमीन विकून भरली. शेवटच्या तारखेला मीही शेतकऱ्याच्या बायकोसोबत गेले होते. कोर्टाच्या कारकुनाने पैशांच्या सहीसाठी कागद पुढे केला. शेतकऱ्याने पेन हातात धरून कारकुनालाच विचारलं.

"पैसा मिळतीन, साहेब. मी फिर्यादी व्हतू, आरोपी नही, तेवढं कागदवर लिखेल शे का?"

कारकुनाने त्याच्या नावापुढच्या शब्दावर बोट ठेवलं. त्याने तो शब्द स्वतः वाचला, बायकोला वाचून दाखवला, मग सही केली. त्या दिवशी त्याला त्याचे सगळे पैसे परत मिळाले.